थ्री-एस लावल्यापासून ट्रकचे शाफ्ट आणि गिअर का तुटतात?

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. रिमोटवर चालणारा, खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाचा टू-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक आहे. मूळची ब्रशवाली मोटर काढून ३५०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला इतके फेरे घेणारी) ब्रशलेस बसवली, टू-एसऐवजी (दोन सेलऐवजी) थ्री-एस, म्हणजे तीन सेलची लायपो बॅटरी लावली आणि ११० मिमीची चाकं काढून १३० मिमीची घातली. मागची दोन्ही चाकं एकत्र ओढावीत म्हणून डिफमध्ये (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरेन्शियलमध्ये) पुट्टीसारखं घट्ट तेल भरलं. तीन महिन्यांत मागचे दोन प्लॅस्टिक शाफ्ट पिळून तुटले. स्टीलचे घातले, तर गिअरबॉक्समधला आयडलर (मधला जोडगिअर) गेला. आयडलर धातूचा केला, तर स्पर गिअरचे (मोटरकडून ताकद घेणाऱ्या मोठ्या गिअरचे) दाते झडले. आता विचारताय, स्पर स्टीलचा घेऊ का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी पुढचा कुठलाच पार्ट मागवू नका. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण त्यात स्लिपर क्लचचा (जास्त हिसका आला की घसरणाऱ्या क्लचचा) उल्लेख एकदाही नाही, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे. हिसका कुठेतरी जिरावाच लागतो. तो जिरायची जागा बंद झाली की जो दुवा सगळ्यात कच्चा असेल तो तुटतो. तुम्ही तो पक्का केलात की त्याच्या शेजारचा कच्चा ठरतो. शाफ्टनंतर आयडलर, आयडलरनंतर स्पर. स्पर स्टीलचा केलात की पाळी डिफच्या आतल्या गिअरची किंवा टॉप शाफ्टची (स्पर ज्यावर बसतो त्या शाफ्टची), आणि त्या वस्तू स्परपेक्षा महाग आहेत, शिवाय बदलायला अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय.

मी भोसरीत गिअर कापायच्या कामात आहे आणि गेली चौदा वर्षं हे ट्रक चालवतो, उघडतो, लोकांचे दुरुस्तही करतो. त्यामुळे माझी पहिली सूचना कारखान्यातलीच आहे: तुटलेले तुकडे टाकले नसतील तर आज रात्री पांढऱ्या कागदावर मांडा आणि मोबाईलचा दिवा तिरका धरून बघा. कोणत्या हिसक्याने काय तुटलं, ते तुकड्यावर लिहिलेलं असतं.

प्लॅस्टिक शाफ्टवर मळसूत्रासारखे पांढरे पट्टे दिसत असतील तर तो पिळून गेलाय. नायलॉन ताणलं की पांढरं पडतं. पांढरेपणा अजिबात नसेल आणि काडी मोडावी तसा स्वच्छ तुकडा पडला असेल, तर चाकावर आडवा धक्का बसलाय, किंवा नायलॉन फार कोरडं होतं. (नायलॉन थोडं पाणी शोषतं आणि त्यानेच चिवट होतं. नवे नायलॉनचे पार्ट बसवण्याआधी काही तास गरम पाण्यात ठेवायची जुनी सवय अगदी योग्य आहे.) स्टीलच्या तुटलेल्या टोकाचा एक भाग गुळगुळीत, काळपट आणि शिंपल्यावर असतात तशा रेषांचा, आणि उरलेला ताजा, खडबडीत, चमकणारा दिसला, तर तडा जुना होता. तो रोज थोडा थोडा वाढत होता आणि शेवटच्या दिवशी फक्त उरलेलं तुटलं. सगळंच टोक ताजं असेल तर एका फटक्यात गेलं.

स्परकडे नीट बघा, कारण तो सगळ्यात जास्त बोलतो. शेजारचे दोन-तीनच दाते गेलेत आणि बाकीचे धड आहेत, तर चाकं एकदम थांबली आणि पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) तिथेच घुसला. सगळ्या दात्यांची फक्त टोकं गोल झाली असतील तर मोटर मागे सरकली होती किंवा मेश (पिनियन आणि स्परचे दाते एकमेकांत बसणं) ढिली होती. दात्याची अर्धीच रुंदी खाल्ली गेली असेल तर पिनियन मोटरच्या शाफ्टवर पुढे-मागे बसलाय. आणि दाते वितळल्यासारखे, कडेला नायलॉनचा चिकट फुलोरा आलेले असतील तर मेश फार घट्ट होती. तुमच्या स्परचं वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळतं.

चाकं एकदम कधी थांबतात? उडी मारून खाली आल्यावर. ट्रक हवेत असताना तुमचं बोट थ्रॉटलवर असतं. चाकांवर काही भार नसतो, त्यामुळे मोटर क्षणात पूर्ण वेगाला पोहोचते. टू-एसचा नॉमिनल व्होल्टेज ७.४, थ्री-एसचा ११.१. ३५०० केव्हीची मोटर टू-एसवर भाराशिवाय मिनिटाला सुमारे २५,९०० फेरे घेते, थ्री-एसवर ३८,८५०. वेग दीडपट, पण रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्यात, साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोनपट. मग टायर जमिनीला टेकतो आणि जमीन त्याला पकडते. चाकाची स्वतःची ऊर्जा तिथेच मातीत घासून जाते, तिचा शाफ्टला फारसा त्रास नाही. पण रोटर अजून फिरतोय. त्याला थांबवायचं तर ते बळ चाकापासून शाफ्ट, डिफ, आयडलर, स्पर, पिनियन असं उलटं चढत मोटरपर्यंत जातं. वरून आदळल्यामुळे त्या क्षणी टायरवर ट्रकच्या वजनाच्या कितीतरी पट भार असतो, म्हणून पकडही तेवढीच जास्त. १३० मिमीचं चाक म्हणजे त्या पकडीला १८ टक्के लांब दांडा मिळाला. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

जड चाकांचा त्रास वेगळ्या वेळी होतो: एकदम वेग घेताना आणि ब्रेक मारताना. चाकाचं वजन दीडपट झालं आणि त्रिज्या ५५ वरून ६५ मिमी झाली, तर त्या चाकाचं फिरतं जडत्व दुपटीच्या थोडं वर जातं. ते फिरवायला आणि थांबवायला लागणारा सगळा पीळ (टॉर्क) त्याच शाफ्टमधून जातो.

स्लिपर याच क्षणासाठी असतो. तुमच्या ट्रकमध्ये तो स्परच्या पोटातच आहे. दोन प्लेटांच्या मध्ये घर्षणाचे पॅड, वर स्प्रिंग आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा). पीळ ठरावीक हद्दीपलीकडे गेला की स्पर प्लेटांवर घसरतो आणि रोटरची ऊर्जा दात्यांऐवजी पॅडमध्ये उष्णता होऊन जाते. ब्रशलेस लावल्यावर लोक पहिल्यांदा हाच नट शेवटपर्यंत आवळतात, कारण ट्रक सुटताना येणारा "सूंऽऽ" आवाज त्यांना ताकद वाया गेल्यासारखा वाटतो. मीही सुरुवातीला तेच केलं होतं आणि एका पावसाळ्यात तीन आयडलर घालवले. तो आवाज म्हणजे तुमचा गिअरबॉक्स वाचत असल्याची खूण आहे.

सेटिंग असं करा. आधी स्लिपर उघडा. पॅड आरशासारखे चकचकीत झाले असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलके घासा. प्लेटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, त्यावर ग्रीसचा अंशही नको. नायलॉक नट हाताने फिरत असेल तर त्याचं नायलॉन मेलंय, नवा घाला, नाहीतर केलेलं सेटिंग दहा मिनिटंही टिकणार नाही. मग स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत नट आवळा, दबली की थांबा, आणि तिथून अर्धा ते पाऊण फेरा सोडा. ही फक्त सुरुवात. आता बॅटरी काढून ठेवा, मागची दोन्ही चाकं एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्पर ढकला. तो फिरला पाहिजे, पण बरणीचं घट्ट झाकण उघडताना लागतो तसा जोर लागला पाहिजे. मुळीच फिरत नसेल तर अजून सोडा.

मग ज्या जमिनीवर रोज चालवता तिथेच जा. उभ्या ट्रकला एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. पहिला अर्धा मीटर घसरल्याचा आवाज यावा आणि मग पकड बसावी. आवाज दोन मीटरच्या पुढेही चालू राहिला तर अष्टमांश फेरा आवळा. आवाजच येत नाही आणि पुढची चाकं उचलली जातायत, तर अष्टमांश सोडा. चार मिनिटं चालवून स्परच्या मध्याला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर स्लिपर फार ढिला आहे, आणि त्या उष्णतेने नायलॉनच्या स्परचं मधलं भोक वितळतं. मातीवरून डांबरावर गेलात तर पकड बदलते, म्हणून सेटिंगही पुन्हा तपासायचं.

आता डिफमधलं घट्ट तेल. तुमचे पहिले दोन शाफ्ट तुटण्यात याचा मोठा वाटा आहे, अशी माझी खात्री आहे. मोकळा डिफ आलेला पीळ दोन्ही शाफ्टना निम्मा निम्मा वाटतो. एक चाक हवेत असेल तर ते मोकळं फिरतं आणि खालच्या चाकावरही फार पीळ येत नाही. डिफ पुट्टीने जवळजवळ बांधून टाकलात की एका चाकावर उतरलेल्या ट्रकचा जवळपास सगळा पीळ एकाच शाफ्टमधून जातो, म्हणजे दुप्पट. क्रॉलरमध्ये (दगडांवर हळूहळू चढणाऱ्या गाड्यांत) डिफ बांधतात, कारण तिथे वेग नसतो. उड्या मारणाऱ्या ट्रकमध्ये बांधू नये. पुट्टी काढा, गिअर धुवा आणि नेहमीचं ग्रीस भरा. तुमच्या ट्रकचा डिफ सील केलेला नसेल तर पातळ सिलिकॉन तेल भरूनही उपयोग नाही, ते गळून स्लिपरच्या पॅडपर्यंत पोहोचतं. सील केलेला डिफ असता तर मी हजारांच्या घरातल्या घट्टपणाच्या (cSt) तेलापासून सुरुवात करायला सांगितलं असतं. एक-अष्टमांश मापाच्या रेसिंग बगीत पुढे ५०००, मध्ये ७०००, मागे ३००० असं प्रमाण सर्रास वापरतात. त्या गाड्यांमध्ये स्लिपर नसतो, मधला डिफच पुढे-मागे पीळ सोडून तेच काम करतो.

पिनियनबद्दल बराच गैरसमज आहे, म्हणून थोडं थांबतो. मोठी चाकं लावलीत तर पिनियन लहान करायचा हे बरोबर. ११० मिमीच्या चाकाला २३ दात्यांचा पिनियन चालत असेल तर १३० मिमीला १९ चा लावा, गिअरिंग साधारण पूर्वीसारखं होतं आणि मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) थंड राहतात. पण लहान पिनियनने शाफ्ट वाचतो असं समजू नका. लहान पिनियन म्हणजे चाकाकडे जास्त पीळ, आणि पिनियन-स्परच्या दात्यावरही जास्त दाब, कारण मोटरचा तोच पीळ आता कमी त्रिज्येवर लागतो. पिनियन उष्णतेसाठी बदलायचा, शाफ्ट वाचवायला स्लिपर आहे.

पिनियन कडक केलेल्या स्टीलचा घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो, पण ॲनोडायझिंगचा थर गेला की आतला मऊ धातू झिजतो आणि स्परच्या दात्यांत राखाडी भुकटी साचते. ती भुकटी दिसली की पिनियनचे दाते बघा, वाघनखासारखे टोकदार आणि एका बाजूला झुकलेले सापडतील. स्टील पिनियनवर नायलॉनचा स्पर ही जोडी मला सगळ्यात आवडते. एक गिअर दुसऱ्याला खात नाही, आवाज कमी, आणि काहीतरी जायचंच झालं तर चार स्क्रू काढून बदलता येणारा, सगळ्यात स्वस्त गिअर जातो. घरातला फ्यूज उडतो म्हणून कोणी तिथे जाड तार घालत नाही.

पिनियन धरून ठेवणारा ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट भागावरच आला पाहिजे. शाफ्ट आणि स्क्रू अल्कोहोलने पुसा, निळ्या लॉकटाइटचा एक थेंब लावा आणि रात्रभर वाळू द्या. तेलकट धाग्यावर लॉकटाइट धरत नाही. अ‍ॅलन कीचं टोक गोल झालं असेल तर ती की टाकून द्या, नाहीतर ती स्क्रूचंही भोक गोल करते आणि मग ड्रिल करून काढावा लागतो.

मेश बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये घालून मोटर दाबायची आणि स्क्रू आवळायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढची पायरी मात्र बरेच जण गाळतात. कागद काढून स्पर पूर्ण एक फेरा हाताने हळूहळू फिरवा. प्लॅस्टिकचा स्पर क्वचितच शंभर टक्के गोल असतो. कुठेतरी तो घट्ट लागेल, कुठेतरी खेळ जास्त वाटेल. सगळ्यात घट्ट लागतो त्या जागी स्परवर मार्करने खूण करा आणि तिथेच कागद घालून मेश पुन्हा बसवा. सगळ्यात घट्ट जागी किंचित खेळ उरला की बाकी सगळीकडे पुरेसा असतो. कारखान्यात आम्ही हेच रन-आउट (गोलाई किती चुकते ते) डायलवर बघतो, घरी बोट पुरतं.

एवढं करूनही स्पर जात असतील तर बेअरिंग बघा. एकाने माझ्याकडे ट्रक आणला, चार स्पर बदलून झाले होते, मेश सुंदर बसवलेली, स्लिपरही ठीक. मी स्परची कड दोन बोटांत धरून आत-बाहेर हलवली. अगदी बारीक टिक, टिक असा खेळ लागला. टॉप शाफ्टचं ५×११×४ चं बेअरिंग झिजलं होतं. ट्रक उभा असताना मेश बरोबर दिसायची, पण भार आला की शाफ्ट बाजूला सरकायचा, दाते एकमेकांपासून दूर जायचे आणि टोकांवरच भार पेलायचे. छोट्या बेअरिंगच्या जोडीने ते चार स्पर वाचले असते. तेव्हापासून गाडी कुणाचीही असो, मी आधी स्परची कड हलवून बघतो.

शाफ्टच्या कोनाकडेही लक्ष द्या. मोठी चाकं बसावीत म्हणून शॉकअप उंच केले असतील तर चाक हवेत लटकल्यावर शाफ्ट फार तिरका होतो. युनिव्हर्सल जॉइंट ३० अंशांवर गेला की एका फेऱ्यात त्याचा वेग दोनदा १५ टक्क्यांच्या आसपास कमी आणि दोनदा तितकाच जास्त होतो, म्हणजे शाफ्ट स्वतःच स्वतःला हिसके देतो. एका शाफ्टवरचे दोन्ही जॉइंट एकाच रेषेत बसवले नसतील तर हे हिसके एकमेकांना कापत नाहीत, उलट वाढतात. दोन तुकड्यांचा सरकणारा शाफ्ट जोडताना दोन्ही योक (जॉइंटचे काटे) समोरासमोर एका रेषेत आहेत ना, हे बघा. लटकणं कमी करायला शॉकअपच्या आत, पिस्टनच्या खाली, दोन-तीन मिलिमीटरचा स्पेसर घाला. पेनच्या रिफिलचा तुकडाही चालतो.

तुमचे स्टीलचे शाफ्ट आता राहू द्या. पण एक समजून घ्या: मूळचा प्लॅस्टिक शाफ्ट तुटायच्या आधी थोडा पीळ खायचा आणि परत यायचा, तो स्प्रिंगचं काम करत होता. स्टीलने ती सोय गेली, म्हणून स्लिपरवरची जबाबदारी वाढली. धातूचा आयडलरही ठेवा, तो खर्च मला पटतो, कारण गिअरबॉक्सच्या आतली वस्तू शक्यतो तुटू नये. अ‍ॅल्युमिनियमचे आर्म आणि हब (चाक धरून ठेवणारे भाग) मात्र घेऊ नका. ते वाकतात तेव्हा वाकलेलेच राहतात, आणि न वाकता धक्का थेट शाफ्टच्या पिनेवर पाठवतात.

रेडिओवर आणि ईएससीमध्ये दोन गोष्टी बदला. पंच कंट्रोल (सुटताना ताकद किती झटक्याने द्यायची ते) असेल तर सौम्य करा आणि ब्रेकची ताकद ६० ते ७० टक्क्यांवर आणा. पूर्ण वेगात पुढे जाताना एकदम रिव्हर्स मारायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. आणि हवेत असताना थ्रॉटल सोडायला शिका. ट्रकचं नाक वर गेलं तर ब्रेकचा हलका स्पर्श, खाली गेलं तर थ्रॉटलचा हलका स्पर्श, आणि टेकायच्या आधी चाकांचा वेग ट्रकच्या वेगाच्या जवळ आलेला हवा. हे दोन-चार बॅटऱ्या टू-एसवर शिका, कमी उंचीच्या रॅम्पवर. शाफ्ट वाचवणारा याहून स्वस्त उपाय मला आजवर सापडलेला नाही.

क्रॉलरवाल्यांसाठी थोडंसं, कारण त्यांचेही असेच प्रश्न येतात. तिथे हिसका उडीचा नसतो, अडकलेल्या चाकाचा असतो. पुढचं चाक दगडात अडकलंय, स्टीअरिंग पूर्ण वळलेलं आहे आणि तुम्ही थ्रॉटल वाढवताय, इथे सीव्हीडीची (पुढच्या, वळणाऱ्या चाकाच्या शाफ्टवरच्या जॉइंटची) पिन जाते. स्टीअरिंग सरळ करा, मागे या, दुसरी वाट घ्या. २०१७ मध्ये आलेल्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ सारख्या पोर्टल ॲक्सलच्या गाड्यांत गिअरने वेग कमी करून पीळ वाढवायची शेवटची पायरी चाकापाशीच होते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी ॲक्सलच्या शाफ्टला कमी पीळ सोसावा लागतो. जड चाकांचा छंद असेल तर तो आराखडा खरोखर उपयोगी आहे.

समुद्राच्या वाळूत चालवत असाल, म्हणजे अलिबाग, काशीद वगैरे, तर त्याच संध्याकाळी स्परचं झाकण काढून ब्रशने वाळू झाडा. बेअरिंग गोड्या पाण्याने धुवून वाळवा आणि तेलाचा एक थेंब द्या. उघड्या स्परला ग्रीस लावू नका, ते वाळू धरून ठेवतं आणि दात्यांवर पॉलिश पेपरसारखं काम करतं. ग्रीस बंद गिअरबॉक्सच्या आतच.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. डिफ साफ, बेअरिंगचा खेळ तपासून मगच नवा नायलॉनचा स्पर, १९ चा स्टील पिनियन, घट्ट जागी बसवलेली मेश, स्लिपर ढिला. पहिल्या दोन बॅटऱ्या टू-एसच्या, उडीशिवाय. प्रत्येक बॅटरीनंतर झाकण काढून स्परचे दाते बघा आणि नट जागेवर आहे का ते बघा. मग थ्री-एस लावा आणि स्लिपरचा आवाज पुन्हा ऐका, कारण पीळ वाढल्यावर तो बदलणार. तुटलेल्या शाफ्टचे किंवा आयडलरचे तुकडे असतील तर टोकाचे जवळून फोटो काढून पाठवा, दिवा तिरका धरून. ते बघून मला आणखी नेमकं सांगता येईल.